बनूच्या कार्डावरचं नाव

माझ्या बायकोच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलेलं आहे आणि मला त्या यंत्राचा हेवा वाटतो. हे लिहिताना लाज वाटते, पण बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसानं घरातला इतिहास तरी खरा लिहावा. हेवा यंत्राचा वाटतो, ते बसवल्यापासून तिच्याभोवती जमलेल्या गावाचा वाटतो आणि सगळ्यांत जास्त गहिनीनाथचा वाटतो. गहिनीनाथ आमचा शेजारी. त्याच्याबद्दल पुढे येईलच, तो कुठेही न बोलावता येतो.

बायकोचं नाव बनुबाई, वय एकसष्ट, शाळा चौथीपर्यंत. मी तिसगावजवळच्या शाळेत पोरांकडून सनावळ्या घोकून घेत होतो तेव्हा ती आमचं साडेचार एकर सांभाळत होती. बाजरी, तूर, पाणी असलं तर कांदा, आणि गोठ्यात दोन म्हशी. पिकाला पाणी देताना वाफ्यांची दारं धरायला तीच, खुरपायला बाया गोळा करायला तीच, आणि बाया आल्या नाहीत तर एकटीच वाफ्यात बसायला तीच. बाळंतपणं सोडली तर मी तिला दिवसा आडवी पडलेली पाहिली नव्हती. एकदा दाढ दुखत होती तर तिनं गालाला फडकं बांधून अख्खी तूर झोडपली आणि संध्याकाळी मला विचारलं की दाढेचा डॉक्टर कुठल्या वारी येतो.

दुखणं हा आमच्या घरात माझा प्रांत होता. मला बारा वर्षं शुगर आहे, बीपी आहे, मणक्यात थोडी गॅप आहे. माझ्या गोळ्यांच्या डबीला सात वारांचे सात कप्पे आहेत. लग्नकार्यात गेलो की यजमान स्वतः येऊन सांगायचे, सरांना भात कमी वाढा, सरांना बिनसाखरेचा चहा आणा. आमची मुलगी रुपाली नगरला असते. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि पहिला प्रश्न असायचा, बाबा, आजची शुगर किती? मी आकडा सांगायचो, थोडा वाढवून.

गेल्या माघात बनू आठवडे बाजारात मेथीच्या जुड्या लावून बसली होती, तिथंच तिला भोवळ आली. गहिनीनाथ शेजारी टेम्पोतून कांद्याच्या गोण्या उतरवत होता. त्यानं गोण्या तशाच टाकल्या, तिला टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि करंजीचा घाट ओलांडून नगरच्या दवाखान्यात नेलं. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चाळिसाच्या खाली गेले होते. मी त्या वेळी दुसऱ्या गावी एका शाळेच्या बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणा होतो. मला कळलं ते दुपारी, आणि मी पोचलो तोवर दवाखान्याची सगळी धावपळ गहिनीनाथनं उरकलेली होती. फोनला रेंज नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसवला. पाचव्या दिवशी घरी आली आणि त्या दिवसापासून माझ्या शुगरला कुणी विचारेना. बाया भेटायला येत, दार लावून घेत, बनू त्यांना पदर सारून ती फुगीर जागा दाखवी आणि बाया तोंडाला पदर लावून परत जात. तिच्यासाठी डाळिंबं येत, नारळपाणी येई, आणि डाळिंब सोलायचं काम माझ्याकडे येई. रुपालीचा फोन आता थेट तिच्याकडे. मी एकदा मध्येच मोठ्यानं म्हणालो की माझी शुगर दोनशे चाळीस आहे, तर तिकडून रुपाली म्हणाली, बाबा, गोड कमी खा, आणि फोन आईकडे द्या.

गहिनीनाथ तर दिवसातून दोनदा यायचा. त्याची बायको वारलेली, मुलगा पुण्याला, हसरा माणूस. ओट्यावर बसून विचारायचा, "वैनी, मशीन चालू हाय ना?" आणि बनू हसायची. एक्केचाळीस वर्षांत माझ्या विनोदाला ती इतकी हसली नव्हती. विनोद माझे अभ्यासपूर्ण असतात, हे एक कारण असेल.

दिवाळीनंतर रुपालीनं शनिवार-रविवारचा बेत ठरवला. आईला डॉक्टरांनी सगळीकडे फिरायची परवानगी दिली आहे, तर नगरला या, आपण संग्रहालयं बघू. मी खूश झालो. संग्रहालय म्हणजे माझं घर. बावीस वर्षं मी शाळेच्या सहली तिथं नेल्या होत्या, प्रत्येक कपाटापुढे किती मिनिटं उभं राहायचं हे मला पाठ होतं. आता तरी बनू माझ्याकडे बघेल, कारण यंत्राबद्दल मला काही कळत नसलं तरी तोफा, नाणी, पोथ्या यांच्याबद्दल मीच बोलणार. मी जुनी टिपणं काढून ठेवली. मग कळलं की एसटीत हादरे बसतात म्हणून रुपालीनं गहिनीनाथकाकांना त्यांची ओम्नी घेऊन यायला सांगितलं आहे.

बनू पुढे बसली, कारण तिला पुढे बरं वाटतं. मी मागे, पिशव्यांबरोबर. घाटात मी सहलींच्या आठवणी सांगायला लागलो की एकदा पोरं कशी हरवली आणि मी कशी शोधली. बनू खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "साऱ्या गावाची पोरं नेली तुमी. मी दर साली दशम्या बांधून द्येत हुते. मला वाटायचं, ह्ये संग्रालय म्हंजी हाय तरी काय." मी म्हणालो की पोरांच्या सहलीत घरच्यांना नेत नसतात. ती बरं म्हणाली. गहिनीनाथनं आरशातून माझ्याकडे बघितलेलं मला आवडलं नाही.

शनिवारी आम्ही गेलो ते जुन्या वस्तूंचं संग्रहालय. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यानंतर तिथल्या लोकांना मी तोंड दाखवू शकेन की नाही याची मला खात्री नाही. रुपाली दारातच भेटली. शहरात कुणीतरी मोठा माणूस येणार होता, म्हणून प्रवेशापाशी ती लोखंडी चौकट उभी केली होती, जिच्यातून गेलं की शिट्टी वाजते. पेसमेकरवाल्यानं अशा चौकटीत रेंगाळायचं नसतं, हातात धरायचं ते तपासणीचं यंत्र छातीवरून फिरवू द्यायचं नसतं. बनूला हे सगळं पाठ होतं. तिनं कमरेच्या बटव्यातून कार्ड काढलं आणि महिला पोलिसाच्या हातात दिलं.

ते कार्ड घरात आठ महिने होतं. मी ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

त्या पोलीस बाईला अशा कार्डाची सवय नसावी. तिनं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. रुग्णाचं नाव, यंत्राचा नंबर, बसवल्याची तारीख, डॉक्टरांचं नाव. मग म्हणाली, तातडीच्या वेळी संपर्क, गहिनीनाथ, राहणार तिसगाव. आणि तिनं मान वर केली. विचारलं, गहिनीनाथ कोण? गहिनीनाथनं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. बाईनं दोर बाजूला केला, त्याला म्हणाली, काका, तुम्ही आजींबरोबर इकडून या, त्यांचा हात धरा, पायरी आहे. आणि मला म्हणाली, बाकीच्यांनी लायनीतून.

मी बाकीच्यांत गेलो. चौकटीतून गेलो तेव्हा शिट्टी वाजली. पट्ट्याचं बक्कल काढा म्हणाले, काढलं. पुन्हा वाजली. चष्म्याचं घर, किल्ल्या, माझी गोळ्यांची डबी, सगळं ट्रेमध्ये ठेवायला लावलं. ढिली पँट एका हातानं धरून मी तिसऱ्यांदा त्या चौकटीतून गेलो आणि पलीकडे बघतो तर माझी बायको गहिनीनाथच्या हाताला धरून पहिल्या दालनात पोचलेली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण मी ठरवलं की आत गेल्यावर बघू. आत मी इतिहासाचा माणूस आहे. मी पुढे झालो, घसा खाकरला, नाण्यांच्या कपाटापाशी सुरुवात केली. निजामशाहीपासून घेतलं. बनू पाच मिनिटं उभी राहिली, मग म्हणाली की तुमी सांगा, मी तवर फुडं बगते.

पुढच्या दालनात भिंतीकडेला एक लाकडी रूळ पडलेला आहे, मधे झिजून बारीक झालेला, दोन्ही टोकांना लोखंडी कडी. पाटीवर नुसतंच लिहिलं आहे, लाकडी वस्तू. बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की हा तोफेच्या गाड्याचा भाग. कुणी तरी तसं सांगितल्याचं मला आठवत होतं, कुणी ते आठवत नव्हतं. बनू त्या लाकडापुढे गुडघे मोडून बसली. तिनं झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं. तिथला माणूस धावत आला की हात लावू नका, तर ती त्याला शांतपणे म्हणाली की ही मोटेची खालची लाट. वरच्या चाकावरून जाड नाडा जातो आणि हिच्यावरून मोटेच्या सोंडेची बारीक दोरी. तिच्या बापाच्या विहिरीवर अशीच होती आणि दोरी उजवीकडून जास्त ओढते म्हणून ती उजवीकडेच जास्त झिजते. बघा म्हणाली. त्यानं बघितलं. उजवीकडे जास्त झिजली होती.

त्यानं आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी वही आणली. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तिच्याकडून मोटेचा एकेक भाग लिहून घेतला. शेवटी विचारलं, ताई, आपलं नाव? रुपालीनं फोटो काढले. गहिनीनाथ मध्येमध्ये आपल्या चुलत्याच्या विहिरीचं सांगत होता आणि साहेब तेही लिहून घेत होते. मी कपाटाआड उभा राहून मनात हिशेब करत होतो की वर्षाला चाळीस म्हटलं तरी बावीस वर्षांत किती पोरांना मी ती तोफ दाखवली. माझ्या बायकोनं बरोबर सांगितलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोटात दुखलं, आणि ते शुगरमुळे नव्हतं.

संध्याकाळी रुपालीच्या घरी मी जेवायला बसलो नाही. भूक नाही म्हणालो. गहिनीनाथ आणि बनू टीव्हीपुढे बसून दुपारचे फोटो बघत होते. मी स्वयंपाकघरात रुपालीपाशी गेलो आणि तिला सांगितलं की तुझ्या आईच्या कार्डावर माझं नाव नाही. लग्नाचा नवरा जिवंत असताना शेजाऱ्याचं नाव. उद्या काही झालं तर दवाखान्यातून फोन जाणार कुणाला? त्याला. आणि मग तो मला सांगणार, वाटलं तर.

इथं मी एक गोष्ट लिहून टाकतो, जी मी रुपालीला सांगितली नाही आणि आठ महिन्यांत कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी रेंज होती. मी स्टेजवर होतो, मुख्याध्यापक माझा परिचय वाचत होते, आणि फोन थरथरला. पडद्यावर 'घर' असं नाव आलं. बनूचा नंबर मी घर म्हणूनच ठेवलेला आहे. मला वाटलं, म्हशीच्या पेंडीचं काही तरी असेल. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा फोन कापता कापता अंगठा दाबून त्यातला तयार निरोप पाठवला आणि फोन पालथा ठेवला. मुख्याध्यापक तोवर माझ्या आदर्श शिक्षक पुरस्कारापर्यंत आले होते. बनूला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, भोवळ आलेल्या बाईला काय आठवणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. पण त्या पोलीस बाईनं कार्ड वाचल्यापासून मला एकच शंका खात होती. हिला कळलं आहे का? कळलं म्हणून तर नाव दुसऱ्याचं नाही ना?

रुपाली भाकरी थापता थापता हसली. म्हणाली, अहो बाबा, आई तुमचं नाव घेते का कधी?

हे मला सुचलं कसं नाही! माझं नाव राधाकृष्ण. लग्नात बायांनी अडवून घ्यायला लावलेला एक उखाणा सोडला तर बनूनं ते कधी तोंडातून काढलेलं नाही. आमच्याकडे तिच्या वयाच्या बाया घेत नाहीत. त्यातही नवऱ्याचं नाव देवाचं असलं की फार पंचाईत. भजनात सगळे रामकृष्णहरी म्हणतात तेव्हा ही राम म्हणते, मधे श्वास घेते आणि हरी म्हणते. गोकुळाष्टमीला ती दहीकाल्याचा सण म्हणते. शेजारच्या राधाला ती 'ए पोरी' अशी हाक मारते. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर रेशनकार्ड पुढे करते आणि म्हणते, ह्येच.

रुपाली सांगत होती की कार्ड भरलं त्या दिवशी तुम्ही खाली औषधं आणायला गेला होता, सिस्टर घाईत होती, तिनं संपर्काला नाव विचारलं असेल, आईला तुमचं घेता येईना, समोर काका उभे होते, त्यांचं सांगितलं असेल. मी म्हणालो, असंच झालं असणार. असंच झालं, दुसरं काय होणार? मला एकदम भूक लागली. मी तीन भाकरी खाल्ल्या, वर गुळाचा खडा खाल्ला. गहिनीनाथला आग्रह करकरून पिठलं वाढलं. त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा त्याची थोडी कीव आली. बिचारा. त्याचं नाव घेता येतं, म्हणून ते तिथं आहे. माझं इतकं मोठं आहे की तिच्या जिभेवर येत नाही.

रविवारी सकाळी आम्ही रणगाड्यांच्या संग्रहालयात गेलो. रुपालीला कामावर बोलावलं होतं, त्यामुळे आम्ही तिघंच. गेटवर कार्ड दाखवून झालं, तिकिटं झाली. आज मी गहिनीनाथलाच म्हणालो की तू वहिनीबरोबर हो, मी पिशवी धरतो. इतका मी मोठा झालो होतो.

आत झाडाखाली एका बाकावर बनू जरा टेकली. गहिनीनाथ पाणी भरून आणायला गेला. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी तिच्याशेजारी बसलो आणि प्रेमानं म्हणालो की कार्डाचं मला कळलं, त्यात तुझी काही चूक नाही. आता तपासणीला जाऊ तेव्हा मी स्वतः सिस्टरला माझं नाव सांगतो, तुला घ्यायला नको. उगाच त्या दिवशी लाजलीस, रेशनकार्ड दाखवलं असतंस तरी चाललं असतं. आणि मी हसलो.

बनू हसली नाही. समोरच्या रणगाड्याकडे बघत होती. म्हणाली, "कुनी सांगितलं तुमाला, मी लाजले म्हनून?"

मी म्हणालो की रुपालीनं.

"राधाकृष्ण," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही की ती काय बोलली. तिनं पुन्हा म्हटलं, अगदी स्पष्ट, एखाद्या खुरपणाऱ्या बाईचं नाव घ्यावं तसं. "राधाकृष्ण. ह्ये बगा, घेतलं. जीभ न्हाई झडली माजी. तिथं जीव जायची पाळी आल्ती, तिथं काय नाव घ्यायला लाजत बसू? सिस्टरनं इचारलं, फोन कुनाला लावायचा. मी म्हनलं, जो उचलतो त्याचं लिव्हा."

मी म्हणालो, अगं, पण रेंज नव्हती.

तिनं पिशवीतून मोबाईल काढला. पूर्वी ती तो ब्लाउजमध्ये डावीकडे ठेवायची, आता यंत्रामुळे पिशवीत ठेवते. बोट ओलं करून ती पडदा वर सारत राहिली, मेथीचे पैसे आल्याचे निरोप, रुपालीचे फोटो, लसीचे, रिचार्जचे, आणि मग थांबली. मोबाईल माझ्यापुढे धरला. माघातली तारीख. सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. मी कार्यक्रमात आहे, नंतर फोन करतो.

"मेथीवर पडले हुते मी तवा," ती म्हणाली. "वाचायला येळ लागतो मला, तुमाला ठाऊक हाय. येकयेक अक्षर लावून वाचलं. मग गहिनीभाऊजीस्नी हाक मारली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही तरी बोलता आलं असतं, भांडता आलं असतं. आठ महिने मी तिच्यापुढे, पाहुण्यांपुढे, डॉक्टरांपुढे रेंजची गोष्ट सांगत होतो, आणि ती शेजारी बसून डाळिंबाचे दाणे खात होती. एकदाही म्हणाली नाही की खोटं आहे. माझं नाव तिच्या तोंडून ऐकावं असं मला तरुणपणी फार वाटायचं. ते असं ऐकलं.

मी विचारलं, गहिनीनाथला माहीत आहे का? ती म्हणाली, न्हाई. त्याला कशाला सांगू. मग मी विचारलं की रुपालीला? तिनं नकारार्थी मान हलवली. मग मी खाली बघत म्हणालो, "आता नाव बदलशील का?"

"बदलायचं म्हनता तर बदलू," ती म्हणाली. "नावाचं काय. फोन उचलला पायजे."

तेवढ्यात गहिनीनाथ बाटली घेऊन आला. बनू पाणी प्यायली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि दोघं रणगाडे बघायला निघाले. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी बसतो. मला बसणंही जमेना. थोड्या वेळानं उठलो आणि अंतर ठेवून मागून चालू लागलो. गहिनीनाथ तिला सांगत होता की हे धूड लिटरला दहा किलोमीटर जातं, आणि हे जे मधलं आहे ते पाण्यात पोहतं, आणि ह्या नळीतून गोळा टाकला तर इथून थेट पाथर्डीत पडेल. बहुतेक सगळं त्यानं त्याच क्षणी तयार केलेलं होतं. मला त्या रणगाड्यांच्या सनावळ्या आणि लढाया पाठ होत्या. माझी टिपणं खिशात होती. ती त्याचं ऐकत होती, मान डोलवत होती, मध्येच हसत होती, आणि मला इतकी जळजळ झाली की टिपणांचा कागद मी मुठीत चुरगळला. त्यानं माझं काही चोरलेलं नव्हतं. त्यानं फक्त गोण्या टाकून दिल्या होत्या. मी प्रमुख पाहुण्याची शाल टाकून उठलो असतो तर आज तिथं मी असतो, आणि चुकीची नाही, बरोबर माहिती सांगत असतो.

ते दोघं एका मोठ्या रणगाड्याच्या पलीकडे गेले आणि मला दिसेनासे झाले. मी अलीकडे उभा राहिलो. आणि खिशातला फोन वाजला.

पडद्यावर 'घर'.

मी पहिल्या रिंगलाच उचलला. चष्मा पडला, तो तसाच राहू दिला. "काय होतंय? बनू, कुठं आहेस? बसलीस का? हलू नकोस, मी आलो," असं मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की फाटकाजवळचा जवान वळून बघायला लागला. पळत रणगाड्याला वळसा घालून पलीकडे गेलो. ती तिथं नीट उभी होती, मोबाईल उजव्या कानाला धरून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा, यंत्रापासून लांब.

"काय न्हाई," ती फोनमध्येच म्हणाली. माझ्यापासून दहा पावलांवर होती, तरी फोनमध्येच. "उचलता का, त्ये बगितलं."

आणि तिनं फोन ठेवला. मी मात्र माझा कानालाच धरून उभा राहिलो. माझी छाती इतकी उडत होती की ठोके मला फोनमधून ऐकू येत आहेत असं वाटत होतं. गहिनीनाथनं मला विचारलं की सर, काय झालं, मी काही नाही म्हणालो. मग तो तिला घेऊन पुढच्या रणगाड्याकडे गेला.